जवसाचं तेल आणि माझी वाफवलेली मासोळी

बाबांना हृदयविकाराचा झटका आला आणि दिघोरीच्या तलावातल्या मासोळ्यांचे वाईट दिवस सुरू झाले.

झटका सौम्य होता, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले. (डॉक्टर लोक 'सौम्य' हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या झटक्यासाठी वापरतात.) त्यांनी एक स्टेंट बसवला आणि घरी सोडताना पथ्यपाणी सांगायला आम्हाला आत बोलावलं. मी, आई आणि करडी गावची आत्या अशी तिघं टेबलासमोर उभी राहिलो.

"मासे चालतील," डॉक्टर म्हणाले. "उलट हृदयाला चांगलेच."

एवढं ऐकून आत्या सगळ्या नातेवाइकांना फोन लावायला बाहेर पळाली. तिला नंबर सांगायला आई गेली. "पण तळलेले बिलकुल नकोत," हे पुढचं वाक्य ऐकायला मी एकटाच उरलो.

मी सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता आहे. गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा जो कागद सगळे फेकून देतात, तो शेवटपर्यंत वाचणारा जिल्ह्यात बहुधा मी एकटाच. वर्षानुवर्षं दुष्परिणामांच्या याद्या वाचल्या की माणसाचा जगावरचा विश्वास उडतो. माझी बायको ज्योत्स्ना म्हणते, "तुम्ही लग्नाच्या पत्रिकेवरही आधी एक्स्पायरी शोधता." मी शोधत नाही, नजर आपोआप जाते.

तर मी रजा टाकली, ज्योत्स्नाला घेऊन भंडाऱ्याहून दिघोरीला आलो आणि आईच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कढई माळ्यावर टाकली. झारा कपाटात घालून किल्ली खिशात ठेवली. मग बाबांच्या खाटेशी बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. मासोळीतली चरबी भली असते, ती हृदयाला सांभाळते. पण तीच मासोळी पीठ लावून तेलात सोडली की वरची साल पोटभर तेल पिऊन घेते. त्यात मीठ. त्यात ते तेल काल भजी तळलेलं आणि परवा पुऱ्या तळलेलं. मासोळीनं तलावात राहून जन्मभर जे कमावलं, ते कढईत पाच मिनिटांत जातं.

बाबा निवृत्त पोस्टमन. लोकांना तारा वाचून दाखवण्यात उमर गेल्यामुळे वाईट बातमी ते फार शांतपणे घेतात. सगळं ऐकून म्हणाले, "मंग ते पाण्यातच बरी होती म्हण ना."

"वाफवून खायची, बाबा."

"आजाऱ्यासारखी?"

"तुम्ही आजारीच आहात."

यावर त्यांनी कूस बदलली.

वाफवलेल्या मासोळीची कृती मी स्वतः तयार केली होती. रोहूचे तुकडे, हळद, चिमटीभर मीठ, चार थेंब लिंबू, वर झाकण. तेल शून्य, तिखट शून्य. ती एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला चिकटवली आणि सकाळ-संध्याकाळ त्याबरहुकूम मीच रांधू लागलो.

"एकदा चाखून तरी पाहा," ज्योत्स्ना म्हणाली.

"औषध देणारा औषध चाखत बसत नाही," मी म्हणालो.

मग भेटायला येणारे सुरू झाले. दुसरीकडे आजाऱ्याला भेटायला जाताना लोक सफरचंदं नेत असतील. आमचा मुलूख तलावांचा, आणि आत्यानं तर डॉक्टरची परवानगी फोनवरून चार तालुक्यांत पोचवलेली. जो येई त्याच्या हातात डबा, आणि डब्यात तळलेली मासोळी.

"घ्या पोस्टमनसाहेब. डॉक्टरनंच सांगतलं म्हंतेत."

"डॉक्टरांनी तळलेली नको म्हटलंय," मी आडवा येई.

"मंग थोडीशीच तळली ना बापा. लाल नाही होऊ देल्ली."

यातही एक पंचाईत होती. आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत जात नाही. चांगलं दिसत नाही. आई त्यात पसाभर तांदूळ टाकते, निदान साखर तरी टाकते. मला यात एक सोय दिसली. मासोळी घरात ठेवायची नाही आणि अन्न फेकायचंही नाही, म्हणून मी सकाळच्या पाहुण्याची मासोळी संध्याकाळच्या पाहुण्याच्या डब्यात घालून परत करू लागलो. लोक खूश होत. माझ्यामुळे गावात मासोळी फिरू लागली. (एक मुंडकं तर मी तीन वेगवेगळ्या डब्यांत ओळखलं.)

बाबा या येणाऱ्या-जाणाऱ्यांशी दोन शब्द बोलत आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसत. खाट छपरीतच, म्हणजे पुढच्या पडवीतच हवी, असा त्यांचा हट्ट होता. म्हणे हवा येते. कोणती हवा ते मला ठाऊक होतं. बाबांचा धाकटा भाऊ, माझा शिवदासकाका, गावाच्या दुसऱ्या टोकाला बसस्टँडजवळ राहतो, आणि दोघं भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण म्हणाल तर एक धुरा, शेताच्या हद्दीचा बांध. वाटणी झाल्यावर दोघांच्या धानाच्या बांध्यांमधला तो धुरा हातभर इकडं की हातभर तिकडं, यावरून चार लोकांदेखत नको ते बोलणं झालं होतं. तेव्हापासून हा येताना दिसला की तो चप्पल झटकायला खाली वाके.

नागपूरला बाबांना आत नेताना त्यांनी माझा हात धरून एकच विचारलं होतं. "शिवदासले कळवलं का?" मी कळवलं होतं. काकांनी फोन घेतला, सगळं ऐकलं, "हं" म्हणाले आणि ठेवून दिला. ते काही मी बाबांना सांगितलं नाही. बाबा घरी येऊन बारा दिवस होऊन गेले तरी काका फिरकले नाहीत. बाबांचं दुखणं आता स्टेंटच्या पलीकडचं होतं, आणि त्यावर माझ्या दवाखान्यात गोळी नव्हती.

तेराव्या दिवशी आत्या करडीला परत निघाली. मुक्कामाला येताना तिनंही डबाभर तळलेली मासोळी आणली होती. ती मी आल्या दिवशीच शेजारी वळती केली होती आणि तिचा डबा भरायचा राहिला होता. आई अंघोळीला गेली होती. मी रोजच्यासारखा स्वयंपाकघरात छापा घातला आणि तांदळाच्या पिंपात हात घालून बघितलं, तर आत खोल एक डबा लागला. अजून गरम.

झाकण उघडलं. आठ तुकडे. लाल, कुरकुरीत, तेलानं चमकणारे. डब्यावर माझ्या आजीचं नाव कोरलेलं, 'सखूबाई'. म्हणजे डबा आमचा. म्हणजे कढई माळ्यावर असताना आईनं शेजारची कढई आणून, माझ्या नाकाखाली, तळण केलं होतं! (माझं नाक त्या दिवशी सर्दीनं चोंदलेलं होतं, हेही आलंच.) मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. मी बाबांना मशीनला जोडलेलं पाहिलं होतं, आईनं फक्त काचेतून.

मी आठही तुकडे आत्याच्या डब्यात भरले, तिच्या पिशवीत घातले, आणि आजीचा डबा धुऊन फळीवर त्याच्या भावंडांमध्ये ठेवून दिला.

"तिच्या डब्यात तांदूळ टाकले ना?" आईनं केस पुसत विचारलं.

"डबा भरलाय," मी म्हणालो. आत्या गेली.

जेवायच्या वेळी बाबा कोणी हात न देता उठून बसले. बारा दिवसांत पहिल्यांदा. स्वतः हात धुतले, मांडी घातली, आणि आत बघून म्हणाले, "आज घरात जवसाच्या तेलाचा वास येऊन राहिला."

मी ताटात वाफवलेली मासोळी वाढली. बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेच आहे का?"

"हेच."

"दुसरं काही नाही?"

"नाही."

तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात तो रिकामा डबा होता. "विलास, यातली मासोळी कुठं गेली?"

"करडीला."

आई तिथंच उंबऱ्यावर बसली. हळूहळू तिनं जे सांगितलं, ते असं. सकाळी काकू, म्हणजे शिवदासकाकांची कुंदाकाकू, मागच्या दारानं येऊन डबा देऊन गेली होती. काका पहाटे तलावावर जाऊन स्वतः मासोळी निवडून आले होते. काकूनं ती लाखोळीच्या डाळीचं पीठ लावून जवसाच्या तेलात तळली होती. सगळं गाव सोयाबीनच्या पाकिटावर गेलं तरी काकूच्या घरी अजून स्वतःच्या शेतातल्या जवसाचं तेल असतं, आणि लहानपणापासून बाबांचा जीव त्या वासावर.

"शिवदास म्हणे, दादाले एक तरी तुकडा द्या. त्यानं खाल्ला तं मी संध्याकाळी येतो," आई म्हणाली.

"पण डब्यावर आजीचं नाव होतं."

"सखूबाईचे आधे डबे त्याच्या वाट्याले गेले ना, बापू. नाव का कोणी खोडते?"

मी अजून हे गिळत होतो तोच फोन वाजला. आत्या होती. "विलास, काय करून ठेवलं रे तू?" ती जवळजवळ रडत होती. "बसले टाईम होता म्हून शिवदासकडे बसली. म्हटलं मासोळी लय आहे, अर्धी तू ठेव कुंदा. तिनं झाकण उघडलं अन् पाहतच राहिली. तिचीच मासोळी, माय! आता शिवदास म्हंते, दादानं माही मासोळी वापस केली, अन् वरून मायचा डबा ठेवून घेतला."

फोनवरचा आवाज छपरीत सगळ्यांना ऐकू गेला. बाबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मले वासावरूनच समजलं होतं." मग ताट बाजूला सरकवून भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी जेवले नाहीत. संध्याकाळी कोणी आलंही नाही. मला इतकी लाज वाटत होती की मी त्यांचं ब्लडप्रेशर मोजायचं धाडसही केलं नाही. माझंच मोजलं. वाढलेलं होतं.

सकाळी मी डबा घेऊन काकांकडे निघालो. रिकामा नेणं शक्य नव्हतं. आई म्हणाली तांदूळ टाक. पण मला वाटलं, बाबा काय खातात ते काकांना प्रत्यक्ष दाखवावं. म्हणजे त्यांना पटेल की हा अपमान नव्हता, उपचार होता. म्हणून मी ताजी मासोळी वाफवली आणि सखूबाईच्या डब्यात भरून घेऊन गेलो. (मला कोणी अडवलं कसं नाही, याचं आजही नवल वाटतं. ज्योत्स्ना म्हणते, तिला वाटलं होतं याहून वाईट काही होऊ शकत नाही.)

काका ओट्यावर बिडी ओढत बसले होते.

"जय भीम, काका."

जय भीमलाही उत्तर आलं नाही, तेव्हा प्रकरण किती पुढं गेलंय ते मला कळलं.

"डबा आणलाय."

"आमचीच मासोळी आणली का पुन्हा?"

"नाही, मी बनवलेली आहे." आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तांदळाचं पिंप, आजीचं नाव, आत्याची पिशवी, मासोळीची साल कसं तेल पिते, बाबांचं हृदय. "बाबांचा यात काही दोष नाही, काका. मासोळी परत गेल्याचं त्यांना कळलंही नव्हतं. वास आला म्हणून उठून बसले होते ते."

काकांनी डबा उघडला. आतले पांढरट-पिवळे तुकडे लिंबाच्या पाण्यात पडून होते. मागून काकूनं डोकावून पाहिलं. "हे शिजलं आहे का?"

"वाफवलंय."

काकांनी एक तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला आणि चावायचं थांबवलं. बराच वेळ ते समोर रस्त्याकडे बघत बसले. आमच्याकडे अन्न थुंकत नाहीत. शेवटी काकूनं पाण्याचा गडवा पुढं केला, तेव्हा तो घास उतरला.

"दादा हे खाऊन राहिला?"

"हो."

"रोज?"

"दोन्ही टाईम."

"किती दिवसापासून?"

"आज चौदावा."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नऊ वर्षं झाले, लय राग होता माह्या मनात," ते म्हणाले. "पण त्याचं असं व्हावं, असं मी कधी नाही म्हटलं." त्यांनी बिडी विझवली, खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला आणि आत ओरडून सांगितलं, "कुंदा, कढई ठेव."

तासाभरानं काका-काकू आमच्या छपरीच्या पायरीशी होते. मी मागं, डबा घेऊन.

"जय भीम, दादा."

बाबा उठून बसले. "जय भीम. बस."

नऊ वर्षं अशी संपली. धुऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. काका खाटेवर बसले, बाबांच्या वाळलेल्या दंडाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "लय वायला रे तू. हे पोट्टं मारून टाकीन तुले."

"मले बी तसंच वाटून राहिलं," बाबा म्हणाले. आई तोंडाला पदर लावून आत गेली. मीही रडलो असतो, पण समोर तळलेल्या मासोळीचा डबा उघडला जात होता आणि मी कर्तव्यावर होतो.

"एकच तुकडा," मी म्हणालो. "तोही साल काढून."

मला वाटलं आता काका मला मारतील. पण त्यांनी एक तुकडा उचलला, बोटांनी त्याची लाल साल सोलली, काटा काढला आणि आतला पांढरा मासा भावाच्या ताटात ठेवला. साल स्वतःच्या तोंडात टाकली. "आतलं तू खाय. तेल माह्यातून जाऊ दे," ते म्हणाले. बाबांनी डोळे मिटून तो तुकडा खाल्ला. औषधनिर्माता म्हणून मला यात बोट ठेवायला जागा सापडली नाही.

त्यानंतर दर रविवारी हेच. काका डबा घेऊन येत, सोलत, साल स्वतः खात आणि मासा भावाला देत. मी भंडाऱ्याहून येऊन नजर ठेवून बसे. एवढं तेल पोटात गेल्यावर काकांच्या हृदयाचं काय होणार, या काळजीनं मी त्यांना दोनदा नागपूरला नेऊन तपासून आणलं. हृदय ठणठणीत. मी हृदयावर पहारा देत राहिलो आणि मागच्या हिवाळ्यात काका फुफ्फुसाच्या वाटेनं निघून गेले. बिडीबद्दल मी त्यांना कधी एक शब्द बोललो नव्हतो. माझं सगळं लक्ष मासोळीवर होतं. हे मला अजून खातं.

काकूनं रविवारचा डबा बंद केला नाही. पण बाबांनी त्याला हात लावणं सोडलं. झाकण उघडत, वास घेत आणि परत लावून टाकत.

"एक तुकडा चालतो, बाबा," मी म्हणायचो. मी!

"साल कोण खाईन?" ते विचारायचे.

तीन रविवार असे गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो, एक तुकडा उचलला आणि सोलला. मला काकांसारखं नीट जमलं नाही, अर्धा मासा सालीबरोबरच आला. तरी उरलेला मी त्यांच्या ताटात ठेवला आणि साल माझ्या तोंडात टाकली. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग जेवले. तेव्हापासून दर रविवारी मी हे काम केलं. बाबांचा एक तुकडा हळूहळू दोनांवर गेला, माझं सोलणंही सुधारलं.

गेल्या महिन्यात बाबांना तपासणीला नेलं, तेव्हा ज्योत्स्नानं माझंही रक्त द्यायला लावलं. बाबांचा रिपोर्ट उत्तम आला. माझा बघून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मासे चालतील," ते म्हणाले. "पण तळलेले बिलकुल नकोत."

"डॉक्टर, मासा मी खातच नाही," मी म्हणालो. "मासा बाबांना देतो. मी फक्त साल खातो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शेजारी बाबा खाली मान घालून हसत होते, आणि काका गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते म्हणून मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्नानं माझ्या अक्षरातलं ते जुनं कार्ड काढलं. रोहूचे तुकडे, हळद, चिमटीभर मीठ, चार थेंब लिंबू. तेल शून्य, तिखट शून्य. अगदी कार्डाबरहुकूम वाफवून तिनं माझ्या ताटात वाढलं आणि समोर बसून राहिली. मी पहिला घास तोंडात घेतला, दोनदा चावला, आणि नऊ वर्षांचा राग टाकून काका त्या दिवशी शर्ट घालून का उठले, ते मला समजलं.